समस्या निवारण: पिक-अँड-प्लेस मशीन पार्ट उचलत नाही, उभा उचलतं किंवा उडवतं

पिक-अँड-प्लेस म्हणजे टेपच्या खळग्यांतून (पॉकेटांतून) सुटे पार्ट व्हॅक्यूमच्या नोझलने उचलून सर्किट बोर्डावर ठेवणारं मशीन. तक्रार नेहमीचीच. बोर्डावर शे-दीडशे ०६०३ रेझिस्टर-कपॅसिटर लावायचे असतात. पहिले वीस-पंचवीस बिनबोभाट लागतात. मग नोझल रिकामं वर येतं, सॉफ्टवेअर पुन्हा प्रयत्न करतं, एखादा पार्ट कडेवर उभा चिकटून येतो, एखादा शेजारच्या पॉकेटवर आडवा पडलेला दिसतो. कुणीतरी टेपची कापलेली पट्टी हाताने सरळ करतं, तेवढ्यापुरतं भागतं आणि दुसऱ्या दिवशी तेच रडगाणं.

इथे टेबलावर मावणारं मशीन गृहीत धरलं आहे: बेल्टवरचे एक्स-वाय अक्ष, एक-दोन नोझल, छोटा डायफ्रॅम पंप, वर आणि खाली कॅमेरा, आणि ओपनपीएनपी किंवा तशाच धाटणीचं सॉफ्टवेअर. पार्टचे आकार इंची कोडमध्ये दिले आहेत. म्हणजे ०६०३ हा १.६ × ०.८ मिमीचा आणि ०४०२ हा १.० × ०.५ मिमीचा.

पंप बदलण्याआधी हिशेब करा

नोझल रिकामं आलं की पहिलं बोट पंपाकडे जातं. ०६०३ साठी वापरतात त्या ज्युकी ५०३ नोझलचं भोक सुमारे ०.६ मिमीचं असतं, म्हणजे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मिमी. व्हॅक्यूम गेजवर −६० केपीए (किलोपास्कल) असेल तर १७ मिलिन्यूटन ओढ मिळते. एवढ्या ओढीवर १.७ ग्रॅमचं वजन लटकू शकतं आणि ०६०३ रेझिस्टर असतो जेमतेम २ मिलिग्रॅमचा. व्हॅक्यूम निम्म्यावर आला तरी पार्टच्या वजनाच्या चारशेपट ओढ शिल्लक राहते. एवढा हलका पार्ट व्हॅक्यूम कमी पडल्याने सुटत नाही. तो नोझलच्या तोंडाशी नीट टेकलेलाच नसतो.

जड पार्टचं गणित मात्र वेगळं. १ ग्रॅमचा पॉवर इंडक्टर ५०४ नोझलने (भोक १.० मिमी) उचलला तर ओढ ४७ मिलिन्यूटन आणि वजन जवळपास १० मिलिन्यूटन. घर्षण ०.२ धरलं तर हेडने (नोझल धरून फिरणाऱ्या भागाने) साधारण ७ मी/से² पेक्षा जास्त प्रवेग घेतला की पार्ट बाजूला घसरतो. तोच ५०५ ने (१.७ मिमी) उचलला तर ही मर्यादा २५ मी/से² च्या आसपास जाते. म्हणजे इंडक्टर आणि मोठ्या आयसीसाठी नोझल मोठं घ्या, आणि चिल्लर पार्टसाठी जागा, उंची आणि टेप तपासा. पुढचं सगळं त्या चिल्लर पार्टबद्दल आहे.

मशीन थांबवा आणि पॉकेटात बघा

मिसपिक झाल्यावर (पार्ट नीट उचलला गेला नाही की) सॉफ्टवेअरला लगेच दुसरा प्रयत्न करू देऊ नका. रीट्राय शून्य करा, मशीन जिथे थांबेल तिथे थांबू द्या आणि वरचा कॅमेरा त्याच पॉकेटवर न्या. काय दिसतं त्यावर पुढची दिशा ठरते.

पॉकेट भरलेलं आणि पार्ट सपाट पडलेला असेल तर नोझल खाली पुरेसं उतरलं नाही, किंवा भोक तुंबलं आहे. पार्ट पॉकेटातच तिरका किंवा उभा असेल तर टेपला धक्का बसला आहे, स्थिर वीज आहे किंवा खाली चुंबक आहे. पॉकेट रिकामं आणि नोझलही रिकामं असेल तर पार्ट उडाला. तो बहुधा दोन-चार सेंटिमीटरवर सापडतो. नोझलला पार्ट आहे पण कडेवर, तर एक्स-वाय चुकलं आहे किंवा नोझल मोठं आहे. आणि पार्ट बोर्डापर्यंत जाऊन नोझलसकट परत येत असेल तर दोष उचलण्यात नसून सोडण्यात आहे. त्याचं पुढे वेगळं लिहिलं आहे.

उंची

व्हॅक्यूमची ओढ नोझलच्या तोंडापासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाच्या पुढे जवळजवळ पोचतच नाही. नोझल पार्टला टेकायलाच हवं आणि शिवाय थोडं दाबायलाही हवं, पण किती? ०.१ ते ०.१५ मिमी. त्यापेक्षा जास्त दाबलं की कागदी टेप खाली वाकते आणि नोझल वर निघताना परत उसळून पार्टला टप्पा देते. पट्टीच्या मधोमध, जिथे खाली आधार नसतो, तिथे हे हमखास होतं. म्हणून फीडरच्या (टेप धरून ठेवणाऱ्या भागाच्या) खाचेत पॉकेटच्या बरोबर खाली सलग आधार असलाच पाहिजे. दोन्ही कडांवर टेकलेली आणि मध्ये पोकळ अशी खाच दिसायला चांगली असते, कामाला नाही.

उंची ठरवायला नेहमीच्या ७५ जीएसएम कागदाची बारीक पट्टी पुरते; तिची जाडी साधारण ०.१ मिमी असते. ती पार्टवर ठेवा, व्हॅक्यूम बंद ठेवून नोझल ०.०५ मिमीच्या पायऱ्यांनी खाली आणा आणि कागद ओढून बघत राहा. ज्या पायरीला कागद अडकतो तिथून ०.१ मिमी (कागद) अधिक ०.१ मिमी (दाब) खाली ही उचलण्याची उंची. हे टेपच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना करा. १५० मिमीच्या पट्टीत दोन टोकांत ०.२ मिमीचा फरक निघाला तर पहिले वीस पार्ट नीट आणि नंतरचे चुकीचे का, याचं उत्तर तिथेच मिळालं. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये सरासरी टाकून भागवू नका, फीडरखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला.

एकाच मूल्याचे कपॅसिटर दोन कंपन्यांचे असतील तर जाडी वेगळी असू शकते. ०६०३ रेझिस्टर साधारण ०.४५ मिमी, ०६०३ कपॅसिटर बऱ्याचदा ०.८ मिमी. रीळ बदललं की उंची पुन्हा मोजायची, ही सवय लावून घ्यावी.

एक्स-वाय: भोकापासून पॉकेटापर्यंत

८ मिमी टेपची मापं ईआयए-४८१ मानकात ठरलेली आहेत. स्प्रॉकेटची (टेप पुढे ओढण्याची) भोकं १.५ मिमी व्यासाची, दर ४ मिमीला एक. पॉकेटचा मध्य भोकाच्या मध्यापासून टेपच्या रुंदीत ३.५ मिमी आणि लांबीत २ मिमी सरकलेला. १२ मिमी टेपला रुंदीतलं अंतर ५.५ मिमी होतं. ०४०२ ची पॉकेटं दर २ मिमीला असतात, म्हणजे एका भोकामागे दोन पार्ट. फीडरची पायरी ४ मिमीच राहिली तर निम्मा माल न वापरताच पुढे निघून जातो आणि ते रीळ संपेपर्यंत लक्षातही येत नाही.

सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे पहिलं भोक कॅमेऱ्याने दाखवून पुढची सगळी जागा ४ ने गुणून काढणं. मानकातच १० भोकांमागे ±०.२ मिमी इतकी साठत जाणारी चूक मान्य आहे. ०६०३ ची रुंदी ०.८ मिमी, पट्टी वाईट निघाली तर तिसाव्या पार्टपर्यंत ही चूक ०.६ मिमी होते, नोझल पार्टच्या कडेवर येतं आणि पार्ट उभा उचलला जातो. पहिलं आणि शेवटचं, दोन्ही भोकं दाखवा आणि मधलं सॉफ्टवेअरला वाटून घेऊ द्या.

त्याआधी मशीनची स्वतःची मोजपट्टी बघा. जीटी२ बेल्ट, २० दात्यांची पुली, २०० पायऱ्यांची मोटर आणि १/१६ मायक्रोस्टेप असेल तर ८० पायऱ्या प्रति मिमी येतात. स्टीलची पट्टी बेडवर ठेवून कॅमेऱ्याने ० वरून २०० वर जा. आज्ञा २०० ची आणि प्रत्यक्षात १९९.७ निघाले तर ८० ऐवजी ८०.१२ भरा. बेल्ट सैल असेल तर हा आकडा दर आठवड्याला बदलतो, तेव्हा आधी ताण नीट करा.

नोझल फिरताना केंद्रावरून किती हलतं (रनआउट) हे तपासायला बेडवर चिकणमातीचा किंवा मॉडेलिंग क्लेचा चपटा तुकडा ठेवा. नोझल ०, ९०, १८० आणि २७० अंशांना फिरवून एकाच जागी चार ठसे उमटवा आणि वरच्या कॅमेऱ्याने बघा. चारही ठसे एकावर एक आले तर उत्तम. ते वर्तुळात पसरले तर त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे रनआउट. ०.०५ मिमीपर्यंत ०४०२ निभावतं. त्यापुढे गेलं तर नोझल काढून परत बसवा, होल्डरची ओ-रिंग बघा, मगच सॉफ्टवेअरमधलं भरपाईचं गणित चालू करा. त्याच मातीवरून कॅमेरा आणि नोझल यांच्यातलं अंतरही पुन्हा भरता येतं.

नोझलची निवड सोपी आहे: ०४०२ ला ५०२, ०६०३ ला ५०३, ०८०५ आणि सॉट-२३ (छोट्या ट्रान्झिस्टरचा आकार) ला ५०४. नोझलचा बाहेरचा व्यास पॉकेटच्या रुंदीपेक्षा मोठा झाला की ते टेपच्या काठावर टेकतं आणि पार्टला ओढ लागतच नाही. ‘एकच नोझल सगळ्याला’ हा आळस इथे महाग पडतो.

कव्हर टेप, पावसाळा आणि स्थिर वीज

वरची फिल्म आधीच सगळी सोलून ठेवली की काम भराभर होईल असं वाटतं. होतं उलट. हेड इकडून तिकडे पळतं, बेड थरथरतो आणि उघड्या पॉकेटातले पार्ट हळूहळू चढून बसतात. एका वेळी दहा-बाराच पार्ट उघडे ठेवा.

सोलण्याचा वेगही महत्त्वाचा. मानकातली चाचणी मिनिटाला ३०० मिमी, म्हणजे सेकंदाला फक्त ५ मिमी वेगाने आणि १६५ ते १८० अंशांत, फिल्म जवळपास उलटी दुमडून केली जाते. ८ मिमी टेपला सोलण्याचा जोर ०.१ ते १.० न्यूटनमध्ये असावा लागतो. हाताने ४५ अंशांत फर्रकन ओढली तर फिल्म टप्प्याटप्प्याने सुटते आणि प्रत्येक टप्प्याला टेप उडी मारते. फिल्म जिथे दुमडते तिथे धारदार पातळ कडा द्या, ०.५ मिमीची स्टीलची पट्टी चालते, आणि ती उचलण्याच्या जागेच्या एक-दोन पॉकेटं आधी ठेवा.

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत रिळं उघडी ठेवली तर कागदी टेप दमट होऊन फुगते, पॉकेट पार्टला आवळून धरतं, आणि तंतू सुटून नोझलच्या भोकात जातात. झिपच्या पिशवीत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड घालून ठेवा. रीळ वाळवायला ओव्हनमध्ये टाकायचंच असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. फिल्मचा गोंद बिघडला की तो कधी सुटतच नाही, कधी आपोआप सुटतो. तुंबलेलं नोझल आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवा आणि ॲक्युपंक्चरच्या ०.२५ मिमीच्या सुईने मोकळं करा. ड्रिल बिट घालू नका. भोक उजेडाकडे धरून बघितलं की गोल दिसायला हवं.

हिवाळ्यात, विशेषतः देशावर आणि विदर्भात हवा कोरडी झाली की उलटा त्रास: प्लास्टिकच्या टेपवर स्थिर वीज साठते आणि फिल्म उचलताच पार्ट तिला चिकटून वर जातो. थ्रीडी प्रिंट केलेला पीएलए प्लास्टिकचा फीडर स्वतः विजेचा निचरा करत नाही. खाचेच्या तळाला तांब्याची चिकटपट्टी लावा, तिला १ मेगओहम रेझिस्टरमधून मशीनच्या अर्थला जोडा. नुसतं मनगटाला पट्टा बांधून टेपवरची वीज उतरत नाही.

एक दोष सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: चुंबक. फीडर बेडला चिकटावेत म्हणून खाली ६ × ३ मिमीचे निओडिमियम चुंबक बसवतात. कपॅसिटरच्या आत आणि टोकांवर निकेल असतं. चुंबक नेमका पॉकेटखाली आला की कपॅसिटर पॉकेटातच उभे राहतात. रेझिस्टरला तेवढा फरक पडत नाही. ठरावीक दोन-तीन जागांवरच पार्ट उभे दिसत असतील तर फीडर १० मिमी सरकवा. उभे पार्टही जागा बदलले तर चोर सापडला. मजा म्हणजे हेच चुंबकत्व कामालाही येतं: कमकुवत, सपाट, लवचीक चुंबकी शीट खाचेच्या संपूर्ण तळाला लावलं तर पार्ट पॉकेटात खाली बसून राहतात. काही व्यावसायिक फीडर हीच युक्ती करतात.

पार्ट सुटत नाही

व्हॉल्व्ह बघा. नोझल, व्हॅक्यूम आणि मोकळी हवा अशी तीन तोंडं असलेला ३/२ सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा. दोन तोंडांचा व्हॉल्व्ह बंद केला तर नळीतला व्हॅक्यूम तसाच अडकून राहतो आणि पार्ट नोझलला लटकलेला परत येतो. सामाईक तोंड नोझलला जोडलंय ना, हेही तपासा. वायरिंग बरोबर आणि नळ्या उलट असं बऱ्याचदा निघतं.

व्हॉल्व्ह हेडवर बसवा. २.५ मिमी आतल्या व्यासाच्या एक मीटर नळीत जवळपास ५ मिलि हवा असते. व्हॉल्व्ह पंपाजवळ असेल तर प्रत्येक वेळी ती सगळी काढावी आणि भरावी लागते. हेडवरून नोझलपर्यंत दहा सेंटिमीटरच नळी ठेवली तर अर्धा मिलिच उरते. पंपाशेजारी १०० ते २०० मिलिची टाकी ठेवा, म्हणजे उचलण्याच्या क्षणी व्हॅक्यूम ढासळत नाही. सोडताना ४० ते ८० मिलिसेकंद थांबा, पार्ट सोल्डर पेस्टमध्ये ०.१ मिमी दाबा. नोझलच्या तोंडाला फ्लक्स लागलेला असेल तर हे सगळं व्यर्थ, ते पुसा. फुंकर मारून पार्ट सोडायचा असेल तर ती अगदी क्षीण ठेवा, नाहीतर शेजारचे ०४०२ सरकतात.

व्हॅक्यूम सेन्सरवर ‘पार्ट आहे की नाही’ हे ठरवणाऱ्यांसाठी: ५०४ सारख्या मोठ्या भोकावर उघडं आणि बंद यातला फरक ठळक दिसतो, कारण मिनिटाला ५ लिटरचा पंप उघड्या भोकाला पुरा पडत नाही. ५०२ चं ०.४ मिमी भोक उघडं असलं तरी पंप गेज बरंच टिकवतो आणि आकडे जवळजवळ सारखे येतात. तिथे खालच्या कॅमेऱ्यावरच भिस्त ठेवा.

पट्टीऐवजी काय

वीस-तीस प्रकारचे पार्ट लागत असतील तर कापलेल्या पट्ट्या सांभाळणं हाच मुख्य त्रास होऊन बसतो. पट्टीची खाच ८.३ ते ८.४ मिमी रुंद ठेवा; बरोबर ८.० केली तर टेप फुगवटा धरते, कारण मानकानुसार टेप स्वतःच ८.३ पर्यंत असू शकते. भोकांच्या बाजूच्या भिंतीकडे टेप हलकेच दाबणारी छोटी पत्रा-स्प्रिंग घाला.

पट्ट्यांवर सरकतं झाकण बसवण्याची युक्ती स्वस्त आणि चांगली आहे: खिडक्या कापलेलं पातळ झाकण पॉकेटांवर असतं आणि नोझलची टीपच ते पॉकेटच्या निम्म्या अंतराएवढं सरकवून खिडक्या उघडते-मिटते. फिल्म पूर्ण सोललेली असली तरी पार्ट उडत नाहीत. ओपनपीएनपीत यासाठी ब्लाइंड्स फीडर नावाचा प्रकार आहे.

हेडवरच्या पिनने टेप ओढायची असेल तर पिन १.२ ते १.३ मिमीची आणि टोकाला निमुळती करा. ओढताना ०.३ मिमी जास्त ओढून परत आणा, नाहीतर बॅकलॅश (यंत्रणेतला ढिलेपणा) दर वेळी वेगळा निघतो. पिन वर आली का, याची खात्री स्विचने करा. अडकलेली पिन घेऊन हेड पळालं की पिन वाकते आणि सोबत पाच फीडर जागचे हलतात.

प्रत्येक फीडरला स्वतःची एन२० (छोटी) गिअर मोटर आणि सगळे आरएस-४८५ या सामाईक संवाद-तारेवर (बसवर), ही सर्वात निवांत रचना. तिथला नेहमीचा दोष म्हणजे ठरावीक स्लॉटचा फीडर मधूनमधून गायब होणं. १२० ओहमचे टर्मिनेटर बसच्या दोन टोकांनाच असावेत. प्रत्येक स्लॉटवर लावले तर ड्रायव्हर दबतो. स्प्रिंगवाल्या संपर्क पिना आयपीएने पुसा. दोन फीडर एकाच वेळी चालवू नका, मोटर सुरू होतानाचा करंट एकत्र येऊन व्होल्टेज पडतो आणि कंट्रोलर रीसेट होतो.

प्लास्टिकच्या नळीत भरून येणाऱ्या एसओआयसी (दोन बाजूंना पाय असलेल्या) आयसीसाठी ती नळी तिरकी ठेवून खाली १० मिमीची कॉइन व्हायब्रेशन मोटर लावा आणि उचलण्याच्या आधी अर्धा सेकंद चालवा. सतत चालू ठेवली तर आयसी एकमेकांवर चढतात. सुटे पार्ट खालून उजेड दिलेल्या तबकात टाकून कॅमेऱ्याने शोधता येतात, पण निम्मे पार्ट पालथे पडतात. कपॅसिटरला फरक पडत नाही, रेझिस्टर चालतो पण आकडा दिसत नाही, डायोड-ट्रान्झिस्टरला हे सोडून द्या.

दुरुस्ती झाल्यावर रीट्राय परत ३ वर आणा, त्याहून जास्त नको. तीनदा हुकलं की मशीनने थांबावं आणि फीडरचं नाव दाखवावं. रीट्राय १० वर ठेवलेलं मशीन रात्रभर चालतं खरं, पण सकाळी टाकाऊ डबीत शंभर चांगले पार्ट सापडतात.